मेश्राम काकांचं महाळुंग

मेश्राम काका पिशवी घेऊन फाटकाबाहेर पडले की फळवाला आपली गाडी पुढच्या गल्लीत ढकलतो. मी तिखटमीठ लावत नाही, आमची अख्खी गल्ली साक्षीला आहे. काका पेरू उचलतात, उन्हात धरतात, बुडाकडून न्याहाळतात, हुंगतात, टिचकी मारून कानाशी नेतात आणि परत ठेवत म्हणतात, "डाग हाय. वापस." टोपलीभर पेरूंची अशी परीक्षा झाली की एखादाच पास होतो.

ही नोकरीची देणगी. काका कोराडीच्या वीज केंद्रात कोळसा तपासायचे. ट्रकवर चढायचं, ढेकूळ फोडायचं आणि खालच्या ड्रायव्हरला सांगायचं, "दगड हाय. वापस." निवृत्तीनंतर ट्रक सुटले, शब्द सुटला नाही. पुतणीसाठी स्थळ पाहायला गेले, तर नवरदेवाला खिडकीपाशी उजेडात उभं केलं. काकांनी तोंड उघडण्याआधी मुलाकडच्यांनीच नकार कळवला.

काकू गेल्यापासून काका एकटे. एकुलती एक लेक सुजाता जर्मनीत शिकते. वरची खोली रिकामी होती, तिथे यंदा नोआ राहायला आली. मुलगी इस्राएलची, छप्पन सालच्या धर्मांतरावर अभ्यास करायला आलेली. काकांचे आईवडील त्या गर्दीत होते, म्हणून ती थेट त्यांच्याच घरी उतरली आणि महिन्याभरात काकांची मराठी बोलायला लागली.

पावसाळा सरला आणि तिचे सण लागले. घर सोडून साजरे करण्याची तिची ही पहिलीच वेळ. नव्या वर्षाला तिनं सफरचंदाची फोड मधात बुडवून दिली. काका म्हणाले, "मध मस्त हाय. सफरचंद कोणं घेतलं?" मग एक दिवस तिनं पाण्याचा थेंबही न घेता उपास केला, तर काका ग्लास हातात घेऊन जिन्यातच बसून राहिले. नंतर गच्चीवर मांडव घालायचा होता. छत पाल्याचं आणि विरळ, आतून चांदण्या दिसल्या पाहिजेत. "भोकं हायत म्हणून पास, असं छप्पर मी जन्मात पाह्यलं नाही गा," काका मला म्हणाले. पण बांबू त्यांनीच निवडले.

त्या सणाला हातात महाळुंग धरून प्रार्थना करतात. लिंबाच्याच जातीचं, पण मोठं आणि खडबडीत. तिनं बाहेरून मागवलेलं फळाचं पार्सल वाटेतच कुठेतरी अडकलं होतं. नोआ म्हणाली, "राहू द्या काका. ते फार पाहून घ्यावं लागते. डाग नको, टोकाची शेंडी तुटलेली नको, झाड कलमाचं नको. माझे बाबा दरवर्षी बाजारात अर्धा दिवस एकेक फळ पाहतात. लोक हसतात त्यांना."

काका उठूनच उभे राहिले. "उन्हात धरून पाहतात?"

"हो."

"बुडाकडून?"

"हो."

दुसऱ्या दिवशी सकाळी काका मौद्याच्या बसमध्ये होते. तिकडे त्यांच्या जुन्या सहकाऱ्याच्या शेतात बियापासून वाढलेलं एक झाड होतं. दुपारी त्या सहकाऱ्याचाच मला फोन आला, "तुमचा मेश्राम शिडीवरून उतरूनच नाही राहिला."

काका परतले ते मांडीवर डबा सांभाळत. डब्यात कापूस, कापसात महाळुंग. नोआनं ते गच्चीवर उन्हात धरलं, बुडाकडून पाहिलं, हुंगलं. जन्मभर परीक्षा घेणारा माणूस समोर हात बांधून उभा होता. तिनं वडिलांना व्हिडिओ कॉल लावला. ते तिकडून फिरवायला सांगत, काका इकडून फिरवत. दोघांना एकमेकांचा शब्द कळत नव्हता, पण काम बिनबोभाट चाललं होतं.

शेवटी नोआ हसली. "पास! बाबा म्हणतात, त्यांना पण यंदा असं मिळालं नाही."

"जय भीम!" काका फोनमध्ये ओरडले. तिकडून "शालोम" आलं. ज्या खोडीची आम्ही वर्षानुवर्षं टर उडवली, तिची कदर करणारा माणूस निघाला तो इतका लांबचा! मला काकांचा असा अभिमान वाटला की फळवाल्याला बोलावून दाखवावंसं वाटलं.

तिचे वडील आणखी काही बोलले. नोआनं ते मराठीत सांगितलं. "बाबा म्हणतात, पोरगी घरी नाही तर कोणासाठी निवडू, असं त्यांना वाटत होतं. तुम्ही त्यांचं काम केलं."

काका खाली गेले. मीही मागोमाग गेलो. ते सुजाताला फोन लावत होते.

"बेटा, तिथं फळं खातं ना वं? कोण निवडून देते तुले?" मग म्हणाले, "डाग असन तर तेवढा कापून टाकत जाय. पण खात जाय. डागानं काही होत नाही."

स्पीकरवरून सुजाताचा घाबरलेला आवाज आला, "बाबा, तब्येत बरी हाय ना तुमची?"

काकांनी फोन माझ्या हातात दिला.

"तब्येत ठणठणीत आहे गं," मी म्हणालो. "तुझी आठवण येते आहे त्यांना."

काकांनी फोन परत घेतला. मला वाटलं, आता हे वाक्यही वापस जाणार.

"हो," ते म्हणाले. "लय."