सोनवणेभाऊंचे हट्टी आकडे

आमच्या शेजारचे सोनवणेभाऊ गच्चीवर आले की माझे पापड मोजायचे. खायला नव्हे, नुसते मोजायला.

"वहिनी, त्रेपन्न. कितीही मांडा, सारख्या रांगा लागायच्या नाहीत. एक लाटा, नाहीतर एक खा."

बारा पापडांच्या तीन-चार सारख्या रांगा होतात, तेराच्या होत नाहीत. अशा आकड्यांना पुस्तकात मूळ संख्या म्हणतात. भाऊ त्यांना हट्टी म्हणायचे. सासूबाई म्हणायच्या, "ह्यांना कुणीतरी पुन्हा नोकरीला लावा रे."

अंबरनाथच्या कारखान्यातून निवृत्त होऊन भाऊ आमच्या कात्रपला एकटेच राहायला आले, तेव्हाची ही गोष्ट. जुन्या कॅलेंडरांच्या पाठी भिंतीवर चिकटवून त्यांनी हजार चौकटी आखल्या होत्या. एक आधीच वगळायचा. दोन ठेवायचा, मग पुढचा प्रत्येक दुसरा आकडा कापायचा. तीन ठेवायचा, प्रत्येक तिसरा कापायचा. असं करत जे शेवटी उरतील ते हट्टी. उल्हासनगरहून आणलेल्या जुन्या पुस्तकात हजारापर्यंत एकशे अडुसष्ट लिहिले होते. भाऊंचे एकशे एकोणसत्तर भरत. चूक सापडेपर्यंत दाढी करायची नाही, असं त्यांनी ठरवलं. आठ दिवस झाले.

मी आणि सासूबाई पापड द्यायला गेलो, तर ते भिंतीसमोर उभे.

"वहिनी, शाळा किती?"

"चौथी."

"पाढे?"

"तिसापर्यंत."

"मग बसा. माझे विसाच्या पुढे अडखळतात."

मला परक्या घरात तोंड उघडायची सवय नाही. पण पाढे काय, आपोआप येतात. मी म्हणत गेले, ते बोट फिरवत गेले. पाचशे एक्कावन्नवर मी थांबले. एकोणतीस दाहे दोनशे नव्वद, एकोणतीस नव्वे दोनशे एकसष्ट. दोन्ही मिळून पाचशे एक्कावन्न.

"म्हणजे एकोणतीसच्या एकोणीस रांगा," भाऊ म्हणाले. "लबाड, हट्टी बनून बसला होता." त्यांनी तो कापला.

"आता दाढी करा," सासूबाई म्हणाल्या. "भूत दिसताय."

भाऊ हसले आणि पुन्हा मोजायला लागले. मीही मनात मोजत होते. शेवटच्या चौकटीवर त्यांनी बोट ठेवलं. मग आमच्याकडे न बघता म्हणाले, "एकशे सदुसष्टच आले. एक जास्त कापला गेला वाटतं. उद्या दुपारी परत बघायला लागेल. तुम्हा दोघींना जमेल?"

माझे बरोबर एकशे अडुसष्ट आले होते.

"हो भाऊ," मी म्हटलं. "मलाही एक कमीच वाटतोय."