रशीद सर आणि कापसातला लॅपटॉप

रशीद सर काडेपेटीवरचा मजकूर वाचल्याशिवाय काडी ओढत नाहीत. मी या शाळेत रुजू झाले त्याच दिवशी खिचडी शिजवणाऱ्या मावशींनी त्यांच्याकडं काडेपेटी मागितली. सरांनी चष्मा वर सरकवला, पेटी उजेडात धरली आणि चिंतेत पडले.

"मुलांपासून दूर ठेवा, असं लिहेल हाय याच्यावर," ते म्हणाले आणि भोवतीच्या पोरांकडं बघू लागले. शेवटी पोरांना ग्राउंडच्या टोकाला नेऊन बसवलं, तेव्हा कुठं चूल पेटली. मी साताऱ्याहून आलेली, प्रवासानं आंबलेली आणि भुकेली. पहिल्याच दिवशी कपाळाला हात लावला.

विदर्भातल्या मलकापूरपासून दहा-बारा किलोमीटरवरचं आमचं गाव, चौथीपर्यंतची शाळा, शिक्षक दोनच. ते मुख्याध्यापक, मी सहशिक्षिका. सर उंच, काटकुळे, निवृत्तीला दोन वर्षं उरलेली. बायको वारली, मुलगा दूर नोकरीला. सोपानभाऊंच्या घरी मागच्या खोलीत ते भाड्यानं राहत. गावानं त्यांचं नाव 'सूचना सर' ठेवलं होतं, कारण दिवसातून दहा वेळा त्यांच्या तोंडून एकच वाक्य निघे, "पह्यले सूचना वाचा, मंग हात लावा."

बिस्किटाचा पुडा असो की मलमाची डबी, सर सगळं वाचत. बीटी कपाशीच्या पाकिटात आणखी एक छोटं पाकीट यायचं, साध्या बियाण्याचं. ते शेताच्या कडेनं लावायचं, म्हणजे बोंडअळी बीटीला सरावत नाही, असं पाकिटावर लिहिलेलं असे. लोक ते फेकून देत आणि सर उकिरड्यावरून उचलून ज्याचं त्याला परत नेऊन देत. "कडेनं लावा बे हे, लिहेल हाय!" लोक हसून घेत आणि सरांची पाठ वळली की पुन्हा फेकून देत. पुढं बोंडअळीनं कपाशी पोखरली, तेव्हा 'तुमचं ऐकायला पाहिजे होतं' असं कुणी म्हणालं नाही. 'मी सांगतलं होतं' असं सरही म्हणाले नाहीत. फवारणीच्या दिवसांत मात्र त्यांना चैन पडत नसे. शाळा सुटली की गावभर हिंडायचे, ज्याच्या त्याच्या ओट्यावरची औषधाची बाटली उचलायचे आणि ती अख्खी मोठ्यानं वाचून दाखवायचे. मला ते सगळं खुळेपणाचं वाटे. तेव्हा वाटे, हे आज कबूल करते.

अशा माणसाच्या हाती सरकारनं नवा कोरा लॅपटॉप दिला. सोबत प्रोजेक्टर, धडे तयार करायचं सॉफ्टवेअर आणि इंग्रजीतलं जाडजूड माहितीपुस्तक. झालं! सोळा दिवस खोकं उघडलं नाही. सर डिक्शनरी घेऊन पुस्तक वाचत बसले. मी कॉलेजात असल्यापासून कॉम्प्युटर वापरते, पण मला सांगायची सोय नव्हती.

"मॅडम, हात नका लावू. अजून बेचाळीस पानं बाकी हायेत."

खोकं उघडल्यावर नवे नियम आले. साबणानं हात धुवायचे. चप्पल बाहेर. खडूच्या फळ्यापासून मशीन सात पावलं लांब. सर दिवसा त्यावर गणित शिकवत, पोरं खूश होत, आणि संध्याकाळी ते लॅपटॉप पिशवीत घालून घरी नेत. तिथं त्याचं काय करत, ते मला सांगत नसत. मला वाटायचं, एकटा जीव, सिनेमे बघत असेल.

दिवाळीनंतर तालुक्याहून निरोप आला. साहेब सोमवारी शाळा बघायला येणार. जिथं लॅपटॉपवर शिकवणं दिसणार नाही, तिथला उचलून दुसऱ्या शाळेला देणार. आम्ही रविवारीच तयारीला शाळेत जमलो. दहाच्या सुमाराला सर लॅपटॉप आणायला घरी गेले आणि रिकाम्या हातानं परत आले. तोंडावर रक्ताचा थेंब नव्हता.

"मॅडम, सोपानभाऊनं कापूस इकला."

"बरं झालं की. भाव चढलाय."

"लॅपटॉप त्या कापसात होता."

मला काही कळेना. मग हळूहळू उलगडा झाला. माहितीपुस्तकात लिहिलं होतं, यंत्र कोरड्या जागी ठेवा, धक्क्यापासून जपा. सरांच्या खोलीत पत्रे तापत, भिंतीला ओल, खाट डगमगती. सोपानभाऊंच्या बैठकीत मात्र छताला टेकेल एवढा कापूस भरलेला. कोरडा आणि मऊ. सरांनी लॅपटॉप पांढऱ्या चादरीत गुंडाळून त्याच्या पोटात ठेवला होता. रोज काढत, रोज ठेवत, आणि घरात कुणालाही बोलले नव्हते. सकाळी व्यापाऱ्याचा टेम्पो आला, माणसांनी कापूस भरला, वर चढून पायांनी तुडवला आणि टेम्पो मलकापूरच्या जिनिंगला, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्याला, गेलासुद्धा.

"सर, एवढं पुस्तक वाचलंत, त्यात कुठं कापूस लिहिलाय?" मी ओरडलेच.

"कापसात ठेवू नका, असंही नव्हतं लिहेल," सर म्हणाले.

मी स्कूटी काढली. सर मागं बसले.  हायवेला लागताना माझ्या कानाशी त्यांचा आवाज आला, "लॅपटॉप गेला तं जाऊ द्या, मॅडम. माही नोकरी गेली तरी जाऊ द्या. पण जूनपासून पोरांचं वाचन टिपून ठेवेल हाय त्याच्यात. अन् यादी हाय."

"कसली यादी?"

त्यांनी नुसतं पुढं बोट दाखवलं. मी वेग वाढवला.

जिनिंगच्या फाटकाशी पोचलो तर सर उतरून थांबले. पुढं भला मोठा बोर्ड होता आणि सर तो वाचत होते! आत आमचा टेम्पो दिसत होता, त्यातून कापूस खाली पडत होता, आणि हा माणूस धूम्रपानाची मनाई वाचतोय. मी दंडाला धरून ओढलं.

"थांबा मॅडम. अनोळखी व्यक्तीस प्रवेश नाही, असं लिहेल हाय."

मी रडायच्या बेताला आले. सर चौकीदाराजवळ गेले. "भाऊ, मी रशीद मास्तर. ह्या आमच्या मॅडम. तुमचं नाव?" चौकीदारानं गोंधळून नाव सांगितलं. "हां. आता झाली ओळख," सर म्हणाले, आणि तो लांबलचक म्हातारा जो धावत सुटला, की मला गाठता येईना.

टेम्पो रिकामा झाला होता. घराएवढा ढीग पडला होता आणि एक जाड पाइप ढिगातला कापूस ओढून मशीनकडं नेत होता. सरांनी मुकादमाचा हातच धरला. "मशीन बंद करा!"

"काऊन बंद करू? कोन हाय तुमी?"

"कापसात लॅपटॉप हाय. बॅटरी हाय त्याच्यात. फुटली तं आग लागते, पुस्तकात लिहेल हाय."

जिनिंगमध्ये आग हा शब्द दोनदा सांगावा लागत नाही. पाइपची घरघर थांबली. मग सगळे हातानं कापूस उपसू लागले. मी कमरेपर्यंत ढिगात, नाकातोंडात तंतू, आणि शेजारी सर, भुवयांपर्यंत पांढरे, पुटपुटत होते, "या अल्ला, यादी तेवढी राहू दे." कितीतरी वेळ हाताला नुसता कापूसच लागत होता. शेवटी एका मजूर बाईनं हाक दिली, "गुरुजी, हे चादर तुमचीच का?" पाइपच्या तोंडापासून ती हातभर लांब होती.

सर तिथंच कापसात बसून रडले. मी दुसरीकडं बघितलं.

लॅपटॉप चालतो का, हे बघायला माझे हात शिवशिवत होते. पण नाही! धक्का बसल्यावर लगेच सुरू करू नये, असं कुठल्याशा पानावर होतं म्हणे. म्हणजे सोमवारी साहेब समोर बसेपर्यंत आम्हाला काहीच ठाऊक नव्हतं. सरांनी हात धुतले. बटण दाबलं. पडदा काळाच राहिला. साहेबांनी घड्याळ बघितलं.  मग पंख्याचा आवाज झाला, बाजूच्या फटीतून कापसाचा एक तंतू उडाला, आणि भिंतीवर चित्र उमटलं.

गणित नव्हतं. कीटकनाशकाच्या बाटलीवरची चिठ्ठी होती, भिंतभर मोठी केलेली. मग दुसरी बाटली, मग तिसरी. गावातल्या ओट्याओट्यांवरच्या बाटल्या. खाली एकेका पोराचं नाव, ते दाबलं की त्याचा वाचतानाचा आवाज. जूनमधला अडखळता, आताचा सरळ. संध्याकाळी सर हेच करत होते. माझ्या डोक्यातले सिनेमे आठवून मला लाज वाटली.

शेवटी यादी आली. चौथीची नावं, पुढं चौकोन, वाचता येऊ लागलं की खूण. पहिलं नाव होतं गजानन. त्याचा चौकोन रिकामा होता.

साहेबांनी हजेरीपट चाळला. "हा मुलगा पटावर नाही."

"नाही, साहेब."

"मग काढा नाव. यादी पटाप्रमाणंच हवी, तशी लेखी सूचना आहे. मॅडम, काढा."

माऊस माझ्या हातात होता. मी सरांकडं पाहिलं.

"ते सूचना मी वाचली हाय, साहेब," सर म्हणाले. "पण मी ते पाळनार नाही."



"ह्याच्या आधी मी बीबी गावच्या शाळेत होतो, तिथं होता माह्याजवळ. चौथीत होता, पण वाचता येत नव्हतं. गरीब पोरगं, म्हटलं पुढं शिकन. मी पास केला त्याले." सरांनी चष्मा काढून हातात धरला. "मोठा झाला, कपाशीवर फवारा मारायले गेला. तोंड नाही बांधलं, काही नाही. दवाखान्यात नेईपर्यंत गेला, साहेब. बाटलीवर सगळं लिहेल होतं. मराठीत लिहेल होतं."

साहेबांनी हजेरीपट मिटला. मग म्हणाले, "चालू द्या तुमचं."

सरांनी मीराला उभं केलं. चौथीत खूण व्हायची ती एकटीच उरली होती. ती बोट हवेत धरून वाचू लागली, "फवारताना नाक व तोंड झाकावे. वाऱ्याच्या..." पुढच्या शब्दावर ती अडली. मला सांगावंसं वाटलं, पण सरांनी हातानं थांबवलं. सगळा वर्ग थांबला. "विरुद्ध," मीरा म्हणाली, "वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने फवारू नये."

सरांनी तिच्या नावापुढं खूण केली.

"आता आणखी एकदा वाच, बेटा. जोरानं वाच."

मीरानं पुन्हा वाचलं, अगदी खणखणीत. सर तिच्याकडं बघत नव्हते. ते भिंतीवरच्या पहिल्या नावाकडं बघत होते.