बोटांवरची जादा पानं

ज्या कलेला तपासणी विभाग नसतो, तिच्यात दोष राहून जातात. युरोपात प्रबोधनकाळापासून बरोक शैलीपर्यंत तीनशे वर्षं नेमकं हेच झालं. राजे होते, पोप होते, संगमरवर मुबलक होता. पण तयार मालावर शिक्का मारायला सकवारअक्का नव्हती.

बंगळूरच्या पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात पूर्वी पंपांची झाकणं व्हायची. मग शहरातल्या नव्या इमारतींना आपापल्या लॉबीत युरोप हवासा वाटू लागला आणि कारखाना पुतळ्यांकडे वळला. यंत्रं तीच, माणसं तीच, तपासणीची नियमावलीही तीच (पंपाला नाक नसतं, एवढाच काय तो फरक). बनशंकरीहून दोन बस बदलून येणारी सकवारअक्का सव्वीस वर्षं व्हर्नियरची मापपट्टी धरून बसलेली. तिच्या हाताखालून गेलेला एकही जॉब परत आला नव्हता, की तिच्यापायी एकही गाडी खोळंबली नव्हती. दोन महिन्यांनी निवृत्ती होती, आणि निर्दोष सेवेचं मानपत्र छापायलाही गेलं होतं.

तिच्या तपासणीचे शेरे कलेच्या इतिहासाने जपून ठेवावेत असे आहेत. फ्लॉरेन्सचा गोफणवाला तरुण : उजवा हात प्रमाणाबाहेर मोठा, दुरुस्त केला. पंखवाली बाळं, सहा नग : पंख वजनाला अपुरे. बरोक संत, एक नग : झग्याला एकशे चाळीस चुण्या, पैकी आवश्यक अकरा. (बाकीच्या काढल्यावर संत सुटसुटीत दिसू लागला आणि खोक्यातही मावला.)

अशात एचएसआर लेआउटमधल्या एका सोसायटीची मागणी आली. सतराव्या शतकातल्या एका रोमन शिल्पाची प्रत. मुलगी पळते आहे, देव तिच्या मागे लागला आहे, आणि त्याचा हात अंगाला लागतो न लागतो तोच तिचं झाड होतं आहे. बोटांच्या टोकांना पानं फुटली आहेत.

गुणवत्ताप्रमुख विराट पुण्याहून येऊन आठच महिने झालेले, मुलगा सज्जन. त्याने नियमावली उघडली. कापताना कडेला जे जादा कुसळ राहतं त्याला ‘बर’ म्हणतात, आणि बर घासून काढायचा असतो. बोट संपल्यावर जे सुरू होतं ते जादा, हे उघडच आहे. एकूण बर : अठ्ठावीस पानं. ग्राइंडिंगचा कृष्णाजी डोळ्यांवर चष्मा चढवून तयार झाला. अक्काची सही तेवढी बाकी होती.

अक्काने एका पानाला व्हर्नियर लावला. पान जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचं. उजेड आरपार जात होता. व्हर्नियर तिथेच राहिला आणि तिच्या ओठांवर आपसूक काही आलं :

पळता भुई थोडी, भुईनं धरला हात,
लेकीच्या दहा बोटी पालवीनं दिली साथ.

“अक्का, रिवर्कवर साइन करा ना. उद्या डिस्पॅच आहे.”

“स्वल्प थांब रे. ही घासली तर उरतं काय?”

“मुलगी. क्लीन फिनिश.”

“आणि मागचा तो?”

“तो ड्रॉइंगप्रमाणे आहे.”

“मग सापडली की रे ती त्याला.”

विराटने नियमावली पुन्हा चाळली. सापडण्याबद्दल तिच्यात काही नव्हतं. चष्मा काढू की ठेवू, असं कृष्णाजीने दोनदा विचारलं.

सही केली तर मुलगी जात होती. नाही केली तर गाडी अडत होती, आणि मानपत्रही. पण पळणारीसाठी नियमावलीतसुद्धा एक पळवाट निघाली : जादा कुसळ कामाचं ठरलं, तर तो बर नव्हे, भाग. त्यासाठी सवलतीचा अर्ज असतो. मात्र तो भरणाऱ्याच्या सेवेत एक दोष मांडला जातो. अक्काने अर्ज ओढला. भाग : पानं. संख्या : अठ्ठावीस. कार्य : सुटका. कार्य न झाल्यास परिणाम : इथे तिने लिहिलं, ‘तुम्हाला ठाऊक आहे.’

विराटने ते वाचलं, दुसऱ्यांदा वाचलं. “सरी, अक्का,” तो म्हणाला (म्हणजे ‘बरं’; आठ महिन्यांत त्याला येऊ लागलेलं सगळं कन्नड एवढंच), आणि सही केली. कृष्णाजीने चष्मा काढला.

मानपत्र आलं नाही. मुलगी मात्र पानांसकट लॉबीत उभी राहिली, आणि सोसायटीतल्या दोनशे बारा घरांचे अभिप्राय मागवले गेले. एकशे चाळीस घरांना ती जरा हसायला हवी होती. एकतीस घरांच्या मते तिने अशा कपड्यांत पळायला नको होतं. अठरा जणांना पानं पडद्यांशी जुळत नाहीत असं वाटलं. उरलेल्यांची लिफ्ट आली होती. देवाबद्दल तक्रारी : शून्य.

अक्काने तो अभिप्रायांचा कागद वाचला आणि देवाच्या तपासणीची नोंद काढून पाहिली. नाक, खांदे, पुढे आलेला हात, सगळं मापात. खाली तिचाच शिक्का होता.

वाचकहो, एवढ्या वेळात पानं वाचतील की नाही, याची काळजी तुम्हीही केलीत. त्याचा हात घासून काढा, असं मात्र तुमच्याकडूनही कुणी कळवलेलं नाही.