आप्पा, फाटक आणि जपान

दुसऱ्याच्या गाडीत खिडकीतून हात घालून किल्ली फिरवणारा माणूस तुम्ही पाहिलाय? चोर नव्हे, आमचे शेजारी आप्पा. दौंडच्या रेल्वे फाटकाला लागून आमची घरं. फाटक पडलं, गाड्यांची रांग लागली, की आप्पा चपला सरकवून बाहेर पडायचे आणि एकेकाचं इंजिन बंद करत सुटायचे. कुणी हटकलं तर एकच वाक्य, "भाकरी थापायची न्हाई, मंग चूल कशाला पेटती?"

यापायी त्यांनी पोटभर शिव्या खाल्ल्या. एका जीपवाल्याची थप्पडही खाल्ली, पण ती किल्ली फिरवून झाल्यावर.

उभा जन्म डिझेल शेडमध्ये फिटरकी केलेल्या माणसाचं धुराशी वैर कसं? तर कारण घरातच होतं. काकूंना दमा. फाटक पडलं की त्या दार-खिडक्या लावून मागच्या न्हाणीपाशी जाऊन बसायच्या. दिवसातून किती वेळा, ते रेल्वेलाच ठाऊक. घर बदला म्हटलं तर आप्पा उसळायचे, "घर पयल्यापासनं हाय. मोटारी मागनं आल्या. सुधरायचं कुनी?"

मोटारी कोण सुधारणार, याचाही त्यांनी निकाल लावून ठेवला होता. वर्तमानपत्रातल्या मोटारींच्या पुरवण्या ते पोथीसारख्या वाचत. निकाल होता जपान! त्यांचे विरोधक भाऊसाहेब, निमोण्याचे बागायतदार. लेक दौंडला दिलेली, त्यामुळे त्यांची अमेरिकी कंपनीची थोराड गाडी आठवड्याला फाटकावर हजर.

"जपानची गाडी म्हंजी काडेपेटी," भाऊसाहेब म्हणायचे. "अमेरिका ती अमेरिका! विजेची गाडी रस्त्यावर आनली का न्हाई त्यांनी?"

"आनली, आन् गिऱ्हाइकाकडनं माघारी नेऊन मोडली बी! पाव्हण्याला ताटावरनं उठवल्यावानी. तुमची अमेरिका ग्रामसभेत भाषान ठोकती. जपानवाला धनगरावानी, बोलत न्हाई, चालत ऱ्हातो. इंजिनाला बॅटरीची जोड दिली त्यानं. गाडी थांबली की इंजिन आपसूक गप."

आप्पा स्वतः धनगर, तेव्हा निवाड्यात थोडा पक्षपात होता, हे मला मान्य आहे.

"आपसूक? भूत बसतंय का आत?" भाऊसाहेब हसले. "अशी गाडी या फाटकावर दावा. जल्मभर माझी गाडी मी माझ्या हातानं बंद करीन!"

वर्षं गेली. पुरवणीतली गाडी काही दौंडला येईना. भाऊसाहेब काच खाली करून विचारायचे, "काय आप्पा, आली का जपानची वरात?" आप्पा तोंड फिरवून पुढच्या गाडीकडे जायचे. काकूंचा दमा वाढत चालला होता. आप्पांचा आवाज मात्र उतरला होता, आणि ते बघून मला वाईट वाटायचं.

आणि एका रविवारी ती आली. पुण्याच्या कुणा डॉक्टरीणबाईंची नवी कोरी जपानी गाडी, फाटकाशी सगळ्यांत पुढे. आप्पांनी सवयीनं हात आत घातला. बाई दचकल्या. पण आप्पांचा हात किल्लीपाशीच थबकला. किल्ली चालू, चाकापुढच्या काट्यांचे दिवे लागलेले, आणि इंजिनाचा आवाजच नाही!

तेवढ्यात मागे गोंधळ उडाला. आमच्याकडे गाडी मुकी झाली म्हणजे बंद पडली, आणि बंद गाडीला न सांगता धक्का मारणं हा धर्म. सात-आठ जण धावले. पुढारी अर्थातच भाऊसाहेब, परीटघडीच्या पांढऱ्या कपड्यांत.

"बाई, न्यूट्रल करा! कडंला घिऊ! हां, लावा जोर!"

"हात काढा!" आप्पा गरजले. "बंद न्हाई पडली, गप बसलीया! जपान हाय ह्ये, जपान!"

बाई हसल्या. त्यांनी ब्रेकवरचा पाय उचलला, इंजिन आपोआप सुरू झालं आणि गाडी हातभर पुढे सरकली. मागे भाऊसाहेब दोन्ही हात हवेत टेकून उभे.

पण माणूस शब्दाचा पक्का. मुकाट्यानं जाऊन त्यांनी आपल्या गाडीची किल्ली फिरवली, आणि मागच्या टेम्पोवर खेकसले, "बंद कर रं! जिकलं आप्पा!" एकामागून एक इंजिनं थांबत गेली. गुलाल हाताशी असता तर मी तिथंच उधळला असता.

आप्पा मात्र मिरवायला थांबलेच नाहीत. धावत घराशी गेले आणि दार सताड उघडलं.

"अगं, भायेर ये. फाटक पडलंय."

"म्हनूनच आत हाय न्हवं?"

"आज ये."

काकू पदर नाकाशी धरून आल्या. थोडा श्वास घेऊन बघितला, आणखी थोडा घेतला, मग पदर खाली केला. "यवढी मान्सं, आन् मी अशी. लुगडं तरी बदलू द्यायचं," म्हणत पायरीवर बसल्या. आप्पा शेजारी टेकले. समोरून मालगाडी निघाली होती, लांबलचक. तीस वर्षं रुळांच्या कडेला राहून नवरा-बायको पहिल्यांदाच शेजारी बसून रेल्वेगाडी बघत होती. काकू गाडीकडे बघत होत्या, आप्पा काकूंकडे.

शेवटचा डबा गेला. फाटक वर उचललं जायला लागलं.

"गेली व्हय?" काकू म्हणाल्या. "लवकर गेली."