गायकवाड सिस्टरांचा पंधरा इंची पेशंट

"शेवटचं काय खाल्लं होतं यानं?"

गायकवाड सिस्टरांनी हे मला विचारलं ते माझ्या लॅपटॉपबद्दल. मी आपलं वेड्यासारखं म्हटलं, "काही नाही हो, नुसता चार्जर लावला होता." त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे असं बघितलं, की मलाच ताप आल्यासारखं वाटलं.

"तसं नाही वहिनी. बंद पडायच्या आधी आत काय गेलं? अपडेट गेलं? नातीनं काही घातलं? नातेवाईक नेमकं हेच लपवतात."

नातेवाईक म्हणजे मी. पेशंट म्हणजे लॅपटॉप. एवढं एकदा डोक्यात घेतलं की सिस्टरांशी बोलणं सोपं जातं.

परळच्या एका मोठ्या हॉस्पिटलात त्यांनी छत्तीस वर्षं काढली. शेवटी शेवटी वॉर्डात कॉम्प्युटर आले. ते बंद पडायचे आणि दुरुस्तीवाला उगवायचा चार दिवसांनी. "पेशंट चार दिवस थांबतो का?" म्हणून सिस्टर स्वतःच शिकल्या. रिटायर झाल्यावर फोनवर हिंदी व्हिडिओ बघून बघून आणखी तयार झाल्या. आता आमच्या करी रोडच्या चाळीतले आजारी लॅपटॉप त्यांच्या कॉटवर ओळीनं निजलेले असतात. प्रत्येकावर चिकटपट्टी, तिच्यावर बॉलपेननं नाव आणि तक्रार. 'घोरतो', म्हणजे आतला पंखा वाजतो. 'विसरभोळा', म्हणजे घड्याळ मागं पडतं. माझ्या लॅपटॉपवर लिहिलं, 'उठतो, गोल गोल फिरतो, पडतो.' तंतोतंत खरं होतं ते.

कुठल्याही लॅपटॉपला शिवायच्या आधी त्या कोपरापर्यंत हात धुतात. निदान हात नीट पुसून मग बसतात, एवढंच काय ते समाधान.

खालच्या मजल्यावरच्या सावंतांचा मुलगा लॅपटॉप गादीवर ठेवून काम करतो, असं कळलं तेव्हा सिस्टर जिना उतरून त्यांच्या दारात. "पाठ भाजलीय त्याची! एका अंगावर किती वेळ ठेवता? सावंत, तुम्हाला कळत नाही?" सावंत बिचारे घाबरून आतल्या खाटेवर झोपलेल्या आपल्या वडिलांकडे धावले.

तर माझं दुखणं असं. आमची चाळ आता पडणार, तिथं टॉवर होणार. तोवर तीनचार वर्षं सगळे भाड्यानं पांगणार, कुणी डोंबिवली, कुणी विरार. त्याआधी रविवारी गच्चीवर शेवटचं एकत्र जेवण ठरलं होतं, आणि तिथं वाटायला मी चाळीचं फोटोंचं पुस्तक करत होते. प्रत्येक खोलीचे जुने फोटो, खाली चार ओळी. दोन महिने एका बोटानं टाइप करत होते. लोकांनी फोटो आणून दिले, नातीनं ते लॅपटॉपमध्ये उतरवले, मूळ फोटो परत गेले. आता निम्म्या घरांचे खोके बांधून रवानाही झालेले. छापखानेवाल्याला सगळं शनिवारी सकाळी हवं होतं. आणि मंगळवारी हा पडला.

स्टेशनजवळचा दुकानदार म्हणाला, "आंटी, सगळं पुसून विंडोज नवीन टाकावं लागेल. आतलं जाणार."

हे सिस्टरांना सांगितलं तर त्या उसळल्याच. "पुसून? आधी आतली माणसं बाहेर काढायची, मग इमारत पाडायची. एवढं तर तुमच्या त्या बिल्डरलाही कळतं! दुसरीकडे कॉपी ठेवलीय का?"

"नाही."

"बरं," असं म्हणून त्या हात धुवायला गेल्या.

बेत साधा होता. एका पेन ड्राइव्हमध्ये त्यांनी चालती सिस्टीम भरून ठेवलेली असते. लॅपटॉप आपल्या बिघडलेल्या सिस्टीमवर उठवायचा नाही, या पेन ड्राइव्हवरून उठवायचा. फोटो काढून घ्यायचे, आणि मगच पुसायचं. त्यासाठी सुरू होताना पडद्यावर एक यादी यायला हवी, कशावरून उठू म्हणून विचारणारी, आणि त्या यादीत पेन ड्राइव्ह दिसायला हवा.

यादीच येईना. सिस्टर एफ बारा नंबरचं बटण नाडी बघावी तसं दाबून बसल्या. लॅपटॉप गोल गोल फिरला आणि पडला.

बुधवारी त्यांनी शोध लावला की ती यादी आतूनच बंद करून ठेवलेली असते. ती चालू केली. यादी आली, पण तिच्यात एकच नाव, जुन्या डिस्कचं. पेन ड्राइव्ह बदलला, भोक बदललं, तिसरा पेन ड्राइव्ह लावला. नाव येईना.

"लावलाय की नाही नीट?" मी विचारलं.

"वहिनी, लावलाय. दिवा लागतोय. हा त्याला ओळखच देत नाहीये." मग जरा वेळानं, "आणि तुम्ही मानेवर श्वास सोडू नका. बाहेर बाक आहे, तिथं बसा."

बाकावर बसून मी छापखानेवाल्याला फोन केला. तो म्हणाला, शनिवार म्हणजे शनिवार.

गुरुवारी सिक्युअर बूट नावाचं एक कुलूप सापडलं. अनोळखी कुणाला लॅपटॉप उठवू देत नाही ते. काढायला गेलं तर ते अक्षर फिकं; त्याच्यावर जाताच येईना. सिस्टर सकाळभर व्हिडिओ बघत होत्या. दुपारी त्यांनी मला गॅलरीतून हाक मारली. आवाजात विजय होता.

"मेट्रनची परवानगी लागते! आधी आपण स्वतः मोठा पासवर्ड घालायचा, म्हणजे हा आपल्याला वरचं माणूस समजतो. मग म्हणेल ते करतो. छत्तीस वर्षं हेच बघितलं मी."

पासवर्ड घातला, फिकं अक्षर ठळक झालं, कुलूप निघालं. तरी यादीत एकच नाव. मला रडू यायच्या बेतात होतं. सिस्टर मात्र मांडीवर हात घेऊन पेन ड्राइव्हकडे बघत राहिल्या.

"चूक माझी आहे," त्या म्हणाल्या. "हा लॅपटॉप नव्या पद्धतीचा. मी पेन ड्राइव्ह भरलाय जुन्या पद्धतीनं. पेन ड्राइव्ह मराठीत हाका मारतोय, लॅपटॉपला कानडी कळतं. उद्या या."

सिस्टरांनी चूक कबूल केलेली मी त्याआधी बघितली नव्हती.

शुक्रवारी सकाळी यादीत दोन नावं होती. दुपारपर्यंत फोटो बाहेर, संध्याकाळी नवीन विंडोज आत. लॅपटॉप माझ्या हातात देताना म्हणाल्या, "सगळे फोल्डर उघडून बघितलेत मी, एकेक. सगळे श्वास घेतायत. हलकं जेवण द्या आज. गेम नको."

घरी येऊन बघितलं. खोली एक, खोली दोन, खोली तीन, सगळं जागच्या जागी. आणि त्यांच्यामध्ये एक फोल्डर मी न केलेला. खोली नऊ.

नऊ नंबर सिस्टरांचा.

मी खोल्या मोजल्याच नव्हत्या. जे फोटो आणून देत गेले त्यांचे लावत गेले. सिस्टरांनी आणले नाहीत, मी मागितले नाहीत. चाळीच्या गणपतीचे, हळदीकुंकवाचे, कोजागिरीचे इतके फोटो मी लावले, त्यातल्या एकातही त्या नाहीत. पोरंबाळं असलेल्या नर्सेसची सणाची ड्युटी त्या स्वतःवर घ्यायच्या. हे मला माहीत होतं. नुसतं माहीत होतं.

फोल्डरमध्ये एकच फोटो, लॅपटॉपच्याच कॅमेऱ्यानं काढलेला. खाली नाव दिलेलं, 'कॅमेरा तपासणी'. एरवी गाऊन आणि खांद्यावर नॅपकिन. इथं मोरपंखी साडी, इस्त्रीची. कानात मोत्याच्या कुड्या. नजर कॅमेऱ्याकडे नाही, जरा खाली, पडद्यात आपण कशा दिसतोय ते बघत असलेली. ओठ घट्ट मिटलेले.

मी लॅपटॉप घेऊन तशीच त्यांच्याकडे गेले. त्या सावंतांच्या लॅपटॉपवर चिकटपट्टी लावत होत्या.

"सिस्टर, हा फोटो..."

"कॅमेरा बघितला चालतो का," त्या वर न बघताच म्हणाल्या. "नवीन सिस्टीम घातली की सगळं तपासावं लागतं."

"चांगला चालतोय."

"हो ना?" चिकटपट्टीवरून त्यांनी दोनदा अंगठा फिरवला. "वरून डोकं जरा कापलं गेलंय पण. परत एकदा तपासू या का?"