पोळ्याच्या रंगातली आफ्रिका

बैलांच्या शिंगांना लावायचा पिवळा रंग भूगोलाच्या तासाला घेऊन जाणारा मास्तर मी वडनेरलाच पाहिला. ढोले सर त्यांचं नाव. मी मराठी शिकवायचो, ते भूगोल. पण तास कुठल्याही देशाचा असो, सर शेवटी आफ्रिकेत पोचायचे.

शाळेत आफ्रिकेचा एकच नकाशा होता, तोही इंग्रजांच्या काळातला. इंग्रजांचा मुलूख गुलाबी, फ्रेंचांचा जांभळा, पोर्तुगीजांचा हिरवा. एखादा देश स्वतंत्र झाल्याचं रेडिओवर ऐकलं, की सर दुसऱ्या दिवशी पोळ्याच्या उरलेल्या रंगाने तो पिवळा करत आणि वर्गात फुटाणे वाटत. पंच्याहत्तर साली मोझांबिक आणि अंगोला पिवळे झाले, तेव्हा आम्हां शिक्षकांचेही खिसे भरले.

"पाहा ह्या सरळ रेघा," सर छडी आपटत. "युरोपातले साहेब टेबलावर बसले, पट्टी ठेवली अन् देश कापले. तिथल्या माणसायले इचारलं का?"

हा प्रश्न ते कुठेही टाकत. हेडमास्तरांनी वेळापत्रक बदललं, "मले इचारलं का?" घरी वांग्याची भाजी झाली, तरी तेच. आम्ही त्यांच्या पाठीमागे नक्कल करायचो. एकदा तपासणीचे साहेब नकाशा पाहून भडकले. सरकारी वस्तू खराब केली, लेखी माफी द्या म्हणाले.

"नकाशा दुसऱ्यायनं बिघडवला, साहेब. मी दुरुस्त करून राह्यलो."

माफी त्यांनी शेवटपर्यंत लिहिली नाही. मला त्यांचा भलता अभिमान वाटला, आणि त्यांच्या नोकरीची धास्तीही.

ऐंशीच्या एप्रिलात ऱ्होडेशिया सुटला, झिंबाब्वे झाला. सरांनी रंग लावला, पण फुटाण्यांची पुडी सोडलीच नाही. शाळा सुटल्यावर म्हणाले, "माह्यासंगं चालता का? बंडूकडे जाचं हाये."

बंडू त्यांचा धाकटा भाऊ. राहायचा गावातच, पण दोघांचं बोलणं बंद होतं. कारण मला त्या दिवशी वाटेत कळलं.

"बाबा गेल्यावर वावराची वाटणी म्या केली. शिकलेला मीच ना! कागदावर पट्टी ठेवली, मधातून धुऱ्याची रेघ मारली, तिथंच बांध घातला. विहीर माह्याकडं आली." सरांनी पुडीची गाठ आवळली. "बंडूले इचारलं नाई."

ज्या प्रश्नाची आम्ही इतकी वर्षं टिंगल केली, तो हा माणूस रोज स्वतःलाच विचारत होता.

बंडू दारात बाज विणत बसला होता. सर बाहेर उन्हातच उभे राहिले.

"बंडू, धुरा कुठून जावा? तुले इचाराले आलो."

बंडूने बाज सावलीत ओढली.

"ते उद्या वावरात जाऊन पाहू," तो म्हणाला. "आंदी कपभर च्या घेशीन का, दादा?"

सरांनी डोळे पुसले, आणि बोटांवरचा वाळलेला पिवळा रंग ओला होऊन गालभर लागला.