गोळीचा गजर

मौलानांचा फोन आला तेव्हा शिंपीचाचांच्या तोंडात टाचण्या होत्या.

"चाचा, ताप चढलाय. उभं राहवत नाही. आत्ताची नमाज तुम्हीच पढवा."

"मी? अहो, मी काय—"

"वयाने तुम्हीच मोठे. लोक जमले असतील. निघा!"

चाचांनी टाचण्या टाचण्यांच्या उशीत खोचल्या, फोन छातीवरच्या खिशात टाकला आणि गल्ली ओलांडून धावले. इथेच घोटाळा झाला. एरवी ते फोन दुकानात मशीनवर ठेवून जात. मशिदीत फोन नको, हा त्यांचाच हट्ट होता. दाराला तशी पाटीही त्यांनीच लावून घेतली होती.

मशीद कसली, लेथच्या कारखान्यावरची लांबट खोली. मागची रांग जिन्याच्या तोंडाशी यायची, उरलेले लोक खाली अंगणात उभे राहायचे. लेथवाला नमाजेपुरतं यंत्र बंद ठेवायचा, पण शेजारच्या पत्र्याच्या दुकानात ठोकाठोक चालूच असायची. म्हणून मौलाना कॉलरला छोटा माइक लावत. एक कर्णा खोलीत, एक अंगणात.

चाचांनी हातपाय धुतले, माइक लावला आणि पुढे जाऊन उभे राहिले. वळून पाहिलं तर पहिल्याच रांगेत रंगारी. चाचा जरा ताठ झाले.

कारण गेल्याच आठवड्यात या रंगाऱ्याचा फोन नमाजेत वाजला होता. बिचाऱ्याने खिशात हात घालून तो बंद केला. नमाज संपल्यावर चाचांनी त्याला सगळ्यांसमोर फैलावर घेतलं.

"खिशात हात घालून उभा राहतोस? नमाज आहे की बसचा थांबा? आम्ही नमाजेत डासाला हाकलत नाही!"

रंगारी मान खाली घालून निघून गेला होता.

नमाज सुरू झाली. दुपार उतरतानाची ही नमाज मनातल्या मनात पढायची असते. खोलीत टाचणी पडली तरी ऐकू यावी अशी शांतता. चारपैकी पहिले दोन भाग नीट पार पडले. चाचा तिसऱ्यासाठी उभे राहिले आणि छातीतून आवाज आला.

"अहो, गोळी घेतली का?"

दोन्ही कर्णे एकदम बोलले.

हा आवाज त्यांच्या बायकोचा होता. वारण्याआधी चाचांच्या रक्तदाबाच्या गोळीसाठी तिनेच हा गजर स्वतःच्या आवाजात भरून ठेवला होता. ती गेली, गजर राहिला. रोज तो नमाजेहून परतल्यावर दुकानात वाजायचा, चाचा "घेतो, घेतो" म्हणायचे आणि बटण दाबायचे. आज नमाजच उशिरा सुरू झाली होती, आणि बटण दाबल्याशिवाय तो थांबत नसे.

"नाही घेतली ना? मला माहीतच होतं. आधी दोन घास खा, मग गोळी. आणि तोंडातल्या टाचण्या काढा आधी! नाहीतर गोळी राहील उशीला आणि टाचणी जाईल पोटात. ऐकताय ना?"

मागे कुणीतरी खोकला. तो खोकला नव्हता. अंगणातून दुसरा तसाच खोकला आला.

चाचांचे कान तापले. हात छातीजवळच होता. बोट वाकवलं असतं तरी पुरलं असतं. पण मागे रंगारी उभा. चाचांनी हात हलवला नाही.

"अहो, गोळी घेतली का?"

आवाज पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला. चाचा वाकले, ती बोलत होती. चाचांनी जमिनीला कपाळ टेकलं, ती टाचण्यांवर आली होती. मागची रांग सजद्यात हसू दाबत गदगदत होती. चौथा भाग झाला. आता बसायचं, तर चाचा सरळ उभे राहिले.

"सुभानल्लाह!" रंगारी मागून म्हणाला. पुढचा चुकला की मागच्यांनी असं सुचवायचं असतं.

चाचा उभेच.

"सुभानल्लाह!" आता अख्खी रांग म्हणाली.

"ऐकताय ना?" कर्णा म्हणाला.

चाचा मटकन खाली बसले. चुकीपोटी करायचे जास्तीचे सजदे केले आणि नमाज संपवली. मग बटण दाबलं. लोक खाली बघत जिन्याकडे निघाले. चाचा भिंतीकडे तोंड करून बसून राहिले. या खोलीत पुन्हा कुठल्या तोंडाने यायचं, हे त्यांना कळेना.

रंगारी जवळ आला. "चाचा, द्या फोन. एका मिनिटात काढून टाकतो ते."

"नको!" चाचांनी खिसा घट्ट धरला.

"बरं, राहू दे. पण एका हाताने बंद केला असतात तरी चाललं असतं. मौलानांनीच त्या दिवशी सांगितलं मला."

"माहीत आहे रे मला."

"मग?"

चाचांनी मान वर केली नाही. "आधी तुझीच लाज वाटली म्हणून नाही केला. पण मग... दुकानात तिचा आवाज एवढासा येतो. मशीन चालू असलं तर तेवढाही नाही. इथे केवढा मोठा येत होता. वाटलं, बोलू दे तिला. अल्लाहसमोर उभा राहून मी बायकोचं ऐकत होतो, बाबा. भाग मोजायचे विसरलो. सगळ्यांची नमाज बिघडवली, आणि तुला मात्र चारचौघांत बोललो. माफ कर."

रंगाऱ्याने चाचांच्या कॉलरकडे बोट दाखवलं.

माइकवरचा लाल दिवा चालूच होता.

चाचांनी माइक काढला. खाली अंगणात चपला घालण्याचा आवाजसुद्धा येत नव्हता. कुणीच गेलेलं नव्हतं.

उतरायला दुसरा जिना नव्हता. चाचा कठड्याला धरून, मान खाली घालून एकेक पायरी उतरले. लोक बाजूला झाले. त्यांच्या चपला कुणीतरी सरळ करून ठेवल्या होत्या. त्यांनी पाय घातले, तेवढ्यात लेथवाला पुढे आला. हातात पाण्याचा ग्लास आणि पावाचा तुकडा.

"चाचा," तो दरडावून म्हणाला, "गोळी घेतली का?"

"नाही," चाचा पुटपुटले.

"मला माहीतच होतं. आधी दोन घास खा."

चाचांनी ग्लास घेतला. आणि मग, सगळे बघत असताना, आधी जिभेने तोंड चाचपून पाहिलं. टाचणी नव्हती.